दुमडलेलं पान

येरमाळ्याच्या बाजारात नागवेलीची पानं विकणारी एक बाई बसते. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसते आणि देठ एका अंगाला करून रचते. एकदा तिनं एक दुमडलेलं पान बाजूला काढलं. आतून ते पांढऱ्या रेशमानं चिकटलं होतं. मला कोळ्यांचं वेड, त्यात चार गिऱ्हाइकं उभी. माझं व्याख्यान सुरू झालं.

"हा कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाही, रात्री हिंडून शिकार करतो. आता आत मादी असेल. रेशमाची पिशवी विणून, दार बंद करून अंडी राखत बसते. गरीब असते, उगाच चावत नाही," असं म्हणत मी पान उलगडलं.

ती चावली. गांधीलमाशी डसावी तशी आग झाली. पळावं तर वाट नव्हती. श्रोते मीच जमवले होते.

बाई म्हणाली, "आत बाळंतीण बसलीया म्हणून तुम्हीच सांगायलाव, आन् दार बी तुम्हीच उघडायलाव व्हय?"

तिनं पान होतं तसं दुमडून टोपलीच्या सावलीत ठेवलं.

आता मी बाजारात दिसलो की ती आधी टोपलीवर फडकं टाकते आणि मग विचारते, "किती पानं देऊ?"