दारात चार, ओट्यावर तीस

गोडादऱ्यात, या यंत्रमागांच्या वस्तीत, आमच्या गल्लीतल्या घरमालकांचं राजकारण आमच्याच ओट्यावर ठरतं. यात आमचा काही मोठेपणा नाही. दुपारनंतर गल्लीत सावली तेवढ्याच ओट्यावर येते. निवडणूक जवळ आली की चार-पाच मालक येऊन बसतात, मी चहा टाकते, आणि यंदा कोणता पक्ष आपला, याचा खल सुरू होतो. त्या बोलण्यात देश येत नाही, धर्मही तोंडी लावण्यापुरताच येतो. वरचा मजला सगळ्यांनीच परवानगीशिवाय चढवलेला, तेव्हा पालिकेची माणसं हातोडे घेऊन आली तर कोणाच्या फोनने परत फिरतील, हे आधी बघायचं. मग गटाराची नवी लाइन कोण आणील ते. आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर, जो निवडून येणार असं वाटतं त्याचा झेंडा गच्चीवर लावायचा. हरणाऱ्याचा झेंडा लावून बसण्याची हौस घरमालकाला परवडत नाही, असं आमचे हे म्हणतात.

यांचं सगळं आयुष्य कापडाच्या लूमपुढे उभं राहण्यात गेलं. धुळ्याकडून आलो तेव्हा दोघांच्या मिळून दोन पिशव्या होत्या. पुढे प्लॉट घेतला, एकेक खोली वाढवत घर झालं. आता खाली आम्ही दोघं आणि मुलगा-सून, वरच्या दोन मजल्यांवर भाडोत्री. जन्मभर उभा राहिलेला माणूस म्हातारपणी बसला की किती मनापासून बसतो, ते आमच्या ओट्यावर येऊन बघावं.

मतदारयादीचं काम करणाऱ्या बाई पालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात. त्या दर खेपेला दारात उभ्या राहून विचारतात, घरात मतदार किती. हे सांगतात, चार. वरच्यांचं काय, असं त्यांनी विचारलं की यांचं उत्तर तयार असतं: लूमवरची माणसं आहेत, आज इथे, उद्या तिथे, त्यांना कशाला यादीत घेता. बाई पुढच्या घरी जातात. तिथेही जवळपास हेच ऐकू येतं. भाडोत्र्याचं नाव एकदा यादीत चढलं की तो खोलीवर हक्क सांगेल, ही भीती आमच्या गल्लीत पिढीजात मुरलेली आहे. भाड्याचा कागदसुद्धा कोणी करून देत नाही.

मग पक्षाचा माणूस येतो, ओट्यावर बसतो, आणि तोही तेच विचारतो, काका, तुमच्या घरात मतं किती. तेव्हा यांची छाती जरा पुढे येते. तीस तरी धरा, म्हणतात. दारात चार असणारं घर ओट्यावर तीसचं कसं होतं, हे मी एकदा विचारलं होतं. तुला राजकारण कळत नाही, असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, खरंच नाही कळत.

अशी बरीच वर्षं गोडीगुलाबीने गेली. मग एकदा पक्षाचा माणूस मोबाइलमध्येच यादी घेऊन आला. मागच्याच गल्लीत वाढलेला, लहानपणी खेळून दमला की माझ्याकडे पाणी मागायचा. त्याने मोबाइलवर बोट फिरवलं आणि अगदी अदबीने म्हणाला, “काका, तुम्ही तीस सांगता, पण यादीत तर चारच दिसतात.” हे चहाच्या कपात बघायला लागले. कोपऱ्यावरचे शेठ, ज्यांच्या खोल्या गल्लीत सगळ्यात जास्त, तेही बशीतला चहा न्याहाळत बसले. त्यांच्या घराची गोष्ट वेगळी नव्हतीच. पुढे गटाराची लाइन आली ती शेजारच्या गल्लीत, आणि तिथूनच वळली. आमच्या दारात घाण पाणी साचायचं ते साचतच राहिलं.

त्यानंतर मालकांच्या बैठकीत नवाच विचार निघाला. शेठ म्हणाले, आपण घराघरातून दोन-चार भरवशाचे भाडोत्री निवडू, त्यांची नावं लावू, पण मत ते आपण सांगू तिथेच देतील. सगळ्यांनी माना हलवल्या. मला राग आला, आणि चहा देताना मी कप जरा जोरात ठेवले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

नेमकं त्याच सुमारास आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोरीचं प्रकरण निघालं. आई-बाप ओडिशाचे, बाप रात्रपाळीला लूमवर. ही इथल्याच पालिकेच्या दवाखान्यात जन्मली आणि आमच्या जिन्यावर वाढली. ओडिया तिला येते ती आई रागावली तर उत्तर देण्यापुरती. आमच्याशी मात्र अशी अहिराणी बोलते की आमच्या सुनेने शिकावी. दुपारी आम्ही दोघी ओट्यावर साड्यांना खडे चिकटवत बसतो. अठरा पूर्ण झाल्यावर कॉलेजात तिने मतदार म्हणून नाव नोंदवायला दिलं. मैत्रिणींची नावं लागली, हिचं अडलं, कारण पत्त्याचा पुरावा नव्हता. बाई घरी चौकशीला येतील, घरमालक ‘राहते’ म्हणाले की काम होईल, असं तिला कळलं होतं. आई-बापाची यांना विचारायची छाती नव्हती. खोली गेली तर, ही त्यांचीही भीती होतीच. म्हणून ती मला म्हणाली, आणि मी यांच्या कानावर घातलं.

यांनी तिला ओट्यावर बोलावलं. शेठ शेजारी होतेच. नाव लावू, का नाही लावणार, हे म्हणाले, फक्त मत या ओट्यावर ठरेल तिकडे द्यायचं, एवढा शब्द दे. पोरीच्या बोटांना डिंक लागलेला होता. ती तो सोलत उभी राहिली. मला वाटलं, आता हो म्हणेल आणि मोकळी होईल. मत देताना आत कोण बघायला जातंय.

“मंग राहू द्या, बाबा,” ती म्हणाली, आणि वर निघून गेली.

शेठ हसले. म्हणाले, बघितलं, अजून नाव लागलं नाही तर हा तोरा, उद्या खोली खाली करा म्हटलं तर काय करेल. हे हसले नाहीत, पण यांनी शेठना टोकलंही नाही. त्या दिवशी जेवताना मी बोलून टाकलं. म्हटलं, तिच्या बारशाच्या घुगऱ्या मी माझ्या हाताने शिजवल्या, आणि तुम्ही तिच्याकडून कसले शब्द घेता. एवढीशी पोर खोटं बोलून काम काढू शकत होती, ते तिने केलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? यांनी भाकरी कुस्करली आणि म्हणाले, ती आपली आहे हे मला ठाऊक आहे, पण ती खोली म्हणजे माझी वीस वर्षांची उभी हाडं आहेत. तेही खोटं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही.

त्यानंतर पोरगी खाली यायची, खडे चिकटवायची, पण लवकर वर निघून जायची. यांना ‘बाबा’ म्हणायचं टाळायची. घरात कोणी आजारी असल्यासारखे ते दिवस गेले.

बाई आल्या त्या दुपारी आम्ही दोघी साडी पसरून बसलो होतो. हे दारात गेले. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, यांनी नेहमीसारखं चार सांगितलं. मग बाई म्हणाल्या, इथल्या पत्त्यावर एका मुलीचा अर्ज आहे, ती इथे राहते का? भाडोत्री आहेत, एवढं यांच्या तोंडून निघालं, आणि ते वाक्य पुढे कसं जातं ते आम्हाला सगळ्यांनाच पाठ होतं. शेठ गल्लीत येऊन ऐकत होते.

पोरगी उठली नाही. साडीवरची मानही तिने पुरती वर केली नाही.

“बाबा, मी आठे राहस का नही, इतलंच सांगा.”

शब्द द्यायचा-घ्यायचा प्रश्नच तिने ठेवला नव्हता. यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, जिथे तिने लहानपणी खिळ्याने कोरलेली मांजर अजून आहे. दर दिवाळीला रंग देताना हे तेवढी जागा सोडायला लावतात.

“आठेच वाढनी शे ती,” हे बाईंना म्हणाले. “लिखी ल्या.”

बाई जळगावकडच्या, त्यांना दुभाषा लागला नाही. त्यांनी लिहून घेतलं, पोरीची सही घेतली आणि पुढच्या घरी गेल्या. हे आत येऊन पाणी प्यायले. संध्याकाळी मी त्यांच्या आवडीची शेवभाजी केली. ते समजायचं ते समजले. शेठ काही दिवस ओट्यावर आले नाहीत.

पुढे पालिकेची निवडणूक लागली. पक्षाचा माणूस पुन्हा आला, मोबाइल काढून बसला. आता सावधपणे विचारत होता, काका, या वेळी किती धरायची. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता हे पाच म्हणतील, आणि पाचही माझ्या खिशात, असं सांगतील. जुनी खोड आहे, सहज सुटायची नाही.

“आमची चार,” हे म्हणाले. “त्यांतली बायकोची आणि सुनेची त्या देतील तिकडे. वर एक आहे, ते वरच जाऊन विचारा.”

तो जरा गोंधळला. इतक्या वर्षांत कुठल्याच पक्षाचं माणूस आमचा जिना चढलं नव्हतं, तेव्हा चपला खाली काढायच्या की वर, हेही त्याला कळेना. शेवटी पहिल्या पायरीशी काढल्या आणि तो वर गेला. थोड्या वेळाने वरून पोरीचा आवाज यायला लागला. गटाराची लाइन शेजारच्या गल्लीतून का वळली, हे ती त्याला विचारत होती, आणि तो म्हणत होता, ताई, मी लिहून घेतो. मी बाहेर आणलेला त्याचा चहा गार होत होता. त्याचं वरचं बोलणं संपेपर्यंत आम्ही दोघं घरमालक खाली ओट्यावर बसून राहिलो.