दुसऱ्या हाकेपर्यंत

माझं अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि जोडाक्षर आलं की पेन अडतो. चौथीनंतर शाळा सुटली. गावात पुढची शाळा नव्हती आणि मिठागरावर हात कमी पडत होते. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण सापडलीच, तर गावात मागे राहिलेल्या बायांनी वाचावी, आणि माझ्यासारख्या बाहेर पडल्या त्यांनीही. तोंडाने मला हे सांगता येणार नाही.

गाव सोडलं त्या सकाळी धुकं होतं. नवरा पुढे ट्रंक घेऊन चालला होता, मी मागे, डोक्यावर भांड्यांचं बोचकं. एसटीच्या रस्त्याला लागायचं तर मिठागराच्या बांधावरून जावं लागतं. त्याच्या आदल्या वर्षी तो बांध फुटला होता. खाडीचं पाणी आत आलं ते परत गेलंच नाही, आणि मिठाच्या ज्या वाफ्यांत आम्ही मीठ ओढायचो तिथे आता बगळे उभे असायचे. अर्ध्या बांधावर आले आणि मागून हाक आली.

"जने!"

आईचाच आवाज. एकदाच.

मी थांबले, पण वळले नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. नवरा पुढे दिसेनासा झाला तरी उभीच होते. हाक आली नाही, तेव्हा चालू लागले.

आमच्याकडे एका हाकेला कुणी ओ देत नाही. लहानपणी आई अंघोळ घालताना सांगायची, "माणूस असंल तर दुसऱ्यांदा हाक मारंल. दुसऱ्यांदा हाक फक्त माणूसच मारतंय." माझा धाकटा काका असाच एका धुक्यात बांधावरून हाकेला ओ देत खाली उतरला होता. खाडीलगतच्या दलदलीला आम्ही खाजण म्हणतो. तिथे तो दुपारी सापडला, कमरेपर्यंत रुतलेला, ताठ उभा. भरती येऊन गेली होती. तेव्हापासून आमच्या घरात पोरं आधी थांबायला शिकतात, मग बोलायला.

उरणच्या बाजूला आलो. नवरा ट्रेलरवर लागला, मला कंटेनर यार्डाच्या कँटीनमध्ये काम मिळालं. गेटपास, शिफ्ट, बँकेत जमा होणारा पगार, सगळं नवीन. गावात मला सगळे नावाने ओळखायचे, इथे मी मावशी झाले. "ए मावशी, चाय!" म्हणून कुणी ओरडलं की मी वळायचेच नाही. पहिले दोन महिने कँटीनवाल्यांना वाटत होतं की मला ऐकू कमी येतं. मीही तसंच वाटू दिलं. बोलावं लागत नव्हतं.

यार्डाच्या भिंतीपलीकडे एक मैदान आहे. पूर्वी तिथे मिठागर होतं. एका बाजूला भराव टाकून जमीन केली, दुसरी बाजू जुन्या बांधावरून अजून खाजणातच उतरते. त्या मैदानावर पोरी रग्बी खेळायच्या. मी त्यांना पाणी द्यायचे, रविवारी जर्सी धुवायचे. शिकवणाऱ्या मॅडम नवी मुंबईच्या. बोलायला फटकळ, पण स्वतःच्या डब्यातलं अर्धं मला द्यायच्या. एक दिवस म्हणाल्या, "जनाताई, माझ्याकडे आठच मुली आहेत. सात मैदानात आणि पाच बदली, बारा लागतात. बारा झाल्या नाहीत तर टीमचं नावच जाणार नाही. तुमच्या गावात कुणी आहे का? धावणारी, न लाजणारी?"

लाजणारी मी, आणि न लाजणाऱ्या पोरी आणायला मलाच सांगितलं.

रविवारची एसटी धरून गावी गेले. जाताना मॅडमनी सोबत एक चेंडू दिला होता. भर दुपारी गावात पाऊल टाकलं तर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. निम्म्या घरांना कुलपं. आमच्या आळीत मिठाचं पाणी भिंतींत चढून पांढरं फुललं होतं, माणसाच्या कमरेएवढं, सगळ्या घरांना सारख्या उंचीवर. जशी कुणी गाव मापून खूण करून ठेवली होती.

आईला पहिलं तेच विचारलं. "मी निघाले त्या दिवशी तू हाक मारलीस?"

आई मासळी वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी न्हाय. मी मारली असती तर दोनदा मारली असती."

मग दोघी घरोघर हिंडलो. मी दारात उभी राहून नुसता पदर सारखा करायचे. आई मागून ढोसायची, "बोल ना गो! मुकी झालीस कं? तिकडं जाऊन हेच शिकलीस?" कुसुमकाकूच्या घरी मी काही न बोलता चेंडू जमिनीवर ठेवला. काकूने त्याला पायाने ढकलून पाहिलं.

"ह्यो काय? असोला नारळ हाय कं?"

"चेंडू आहे, काकू."

"मग गोल का न्हाय?"

याचं उत्तर मला अजूनही माहीत नाही. पण काकूची चंदा आतून आली, तिने तो चेंडू उचलला आणि काखेत मारला, जसा आम्ही नारळ न्यायचो तसा. अंगणातून धावत गेली, वळली, परत आली. तिचा श्वाससुद्धा चढला नव्हता. काकू तिच्याकडे बघत राहिली. मग माझा हात धरून म्हणाली, "जने, मना एकच पोर हाय. तू नेतेस, तू सांभाळ. हाकलून दिली तर तिला एकटीला एसटीत बसवू नको. तू सोता घेऊन ये, आणि माझ्यासमोर उभी राहून सांग, का दिली ते."

चंदासकट चौघी आल्या. गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम मिळालं, माझ्या शेजारची खोली भाड्याने घेतली. बुटांशिवाय मॅडम मैदानात घेईनात, म्हणून बाजारातल्या शेठकडे गेले आणि चार जोड माझ्या नावावर उधार घेतले. शेठ म्हणाले, "पोरी पळाल्या तर?" मी मान खाली घालून म्हटलं, "मी हाय." आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी असं बोलले असेन.

पंधरा दिवसांत मॅडम चिडल्या.

या खेळात चेंडू पुढे टाकायचा नसतो. पुढे पळायचं आणि चेंडू द्यायचा मागे. म्हणून हाका सगळ्या मागून येतात, आणि एकदाच येतात. मागून "चंदा!" म्हणून हाक आली की चंदा ताठ व्हायची, तेवढ्यात समोरची तिला आडवी करायची. चौघींचं तेच. मॅडम म्हणाल्या, "एक सेकंद, जनाताई! एक सेकंद थांबतात आणि खेळ संपतो. यांचे कान तरी तपासून आणा. हे असंच राहिलं तर रविवारी यादी देताना मी नावं घालू शकत नाही. दुसरीकडून बघते."

मला कारण माहीत होतं. चौघींनाही माहीत होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, ताई सांगेल म्हणून. मी रिकाम्या बाटल्या गोळा करत राहिले. वाटलं, सांगितलं तर हसतील, गावंढळ म्हणतील. ती माझी चूक. रात्रभर कुसुमकाकूसमोर उभी राहिलेली मीच मला दिसत होते.

तो रविवार उजाडला तो धुक्यातच. मैदानाचा पलीकडचा खांब दिसत नव्हता. मॅडम म्हणाल्या, शेवटचं बघते, मग यादी. पोरी धावायला लागल्या की धुक्यात जायच्या आणि नुसते पायांचे आवाज राहायचे. मी कडेला पाण्याची कॅन धरून उभी होते. चेंडू नेहाकडे होता. नेहा आमच्या टीमची सगळ्यात वेगवान, इथलीच.

"नेहा!"

हाक आली ती खाजणाच्या बाजूने. स्पष्ट, बाईचा आवाज. एकदाच.

माझ्या चौघी होत्या तिथे थांबल्या. चौघीही. एकीचा पाय उचललेला होता तो तसाच राहिला. नेहाने मात्र शिकवल्याप्रमाणे त्या बाजूला चेंडू दिला आणि मागोमाग धावली. चेंडू पडल्याचा आवाज आला नाही. मग नेहाची किंकाळी आली.

ती मांड्यांपर्यंत रुतली होती आणि धडपडून आणखी खाली जात होती. मॅडम उतरायला निघाल्या तर चंदाने त्यांना मागे ढकललं. "उभं न्हाय राहायचं, मॅडम! आडवं!" ती पोटावर झोपली, दुसरीने तिचे घोटे धरले, तिसरीने दुसरीचे, चौथी काठावर. मीठ ओढणाऱ्यांच्या घरात हे सगळ्यांना येतं. हळूहळू, एकेक वीत, नेहाला बाहेर काढलं. चिखलाने पाच बूट ठेवून घेतले.

नेहा रडत होती. म्हणाली, "चंदा, तू हाक मारलीस ना?"

चंदा म्हणाली, "मी न्हाय."

मॅडमनी सगळ्यांना मोजलं. दोनदा मोजलं. सगळ्या मैदानाच्या याच बाजूला होत्या. चेंडू बांधावर होता, कुणी ठेवावा तसा. मी हात लावून पाहिला. सगळीकडे दव होतं, पण चेंडू कोरडा होता.

तेव्हा मी बोलले. कॅन खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. काकाचं सांगितलं, आईचं सांगितलं, या पोरी का थांबतात ते सांगितलं. सांगून संपेपर्यंत थांबले नाही. कुणी हसलं नाही.

"आधी का नाही सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"हसाल म्हणून."

मॅडमनी त्या धुक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आजपासून या मैदानावर प्रत्येकीने दोनदा हाक मारायची. दोनदा, पटकन. एकदा आली तर कुणीही चेंडू द्यायचा नाही. नेहा, कळलं?" नेहाने मान हलवली. यादी तिथेच ओल्या कागदावर लिहिली. बारा नावं.

सामन्यांत दुसऱ्या टीमच्या पोरी आम्हाला हसल्या. "इनको दो-दो बार बुलाना पडता है," म्हणाल्या. आम्ही दोन सामने हरलो, एक जिंकलो. त्या एकात चंदा मागून दोन हाका येताच अशी काही वळली की हसणाऱ्या बाजूला झाल्या. मी फोनवर कुसुमकाकूला एवढंच म्हटलं, "ठेवली." पलीकडे तिने नाक ओढलं.

पाच बुटांपैकी चार ओहोटीला मिळाले. चंदाचा उजवा मिळाला नाही. अजूनही दमट सकाळी बांधावर कधी कधी खुणा दिसतात. उजव्या पायाची खूण बुटाची, तळाच्या गोल खिळ्यांच्या ठशांसकट, आणि डाव्याची अनवाणी. बांधावर वर येतात आणि आमच्या मैदानाकडे तोंड करून थांबतात. परत गेल्याच्या खुणा नसतात. आम्ही त्यांच्यावर पाय देत नाही. मॅडमसुद्धा वळसा घालून जातात, पण त्याबद्दल बोलत नाहीत.

आता टीममध्ये आमच्या गावच्या सात जणी आहेत. मी वर्षातून दोनदा चेंडू घेऊन जाते. आई आता ढोसत नाही, मीच बोलते, थोडं. गावात मी पाहुणी असते आणि इथे गावची. पूर्वी याचं वाईट वाटायचं. आता घर म्हटलं की मला गाव दिसत नाही आणि खोलीही दिसत नाही. ज्यांना माझी गरज आहे आणि जे मला पुन्हा विचारतील अशी माणसं दिसतात. ती दोन्हीकडे थोडी थोडी आहेत. एका ठिकाणी सगळी कधीच भेटणार नाहीत, हे मी मान्य केलं आहे.

बुटांचे पैसे पगारातून थोडे थोडे फिटत होते. चंदाचा नवा जोड त्यात वाढला होता. मागच्या महिन्यात कुसुमकाकू पहिल्यांदा इकडे आली, सुकी मासळी विकून उरलेले पैसे पदराला बांधून. मी नको म्हटलं तर म्हणाली, "पोर माझी हाय, तिचं पाय पण माझंच." दोघी शेठच्या दुकानात गेलो. काकूने गाठ सोडली, शेठनी दोनदा मोजले आणि वहीत काहीतरी लिहिलं. काकूला वाचता येत नाही. तिने वही माझ्याकडे फिरवली. दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी मी मोठ्याने वाचलं, "सगळे पैसे मिळाले. बाकी नाही."