पिंपामागचा राउटर

१८ नोव्हेंबर, मंगळवार. काम एकच: उद्या सकाळी दहाच्या आत टीव्ही न अडकता चालला पाहिजे.

धाकटी मुलगी जिल्ह्याच्या संघातून खो-खोच्या राज्य स्पर्धेला जळगावला गेली होती. अठरा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. सामने इंटरनेटवर थेट दाखवत होते, म्हणून मी रजा टाकली आणि आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, साडेनऊलाच टीव्हीसमोर खुर्चीत बसवलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं तीन मजले उतरणं बंद झालं आहे. त्याआधी त्यांना वेळ नव्हता, आणि त्याच्याही आधी पोरीनं चड्डी घालून मैदानात पळावं हे त्यांना मान्य नव्हतं. मान्य व्हायला तीन वर्षं गेली. तोवर खुबा गेला. नातीला पळताना त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

उपांत्य सामन्यात मुलगी खांबापाशी उभी राहिली, शिट्टी वाजली आणि तिच्या पाठीवर पांढरं चाक फिरायला लागलं. चाक थांबलं तेव्हा दोन्ही संघ हात मिळवत होते.

"जिंकली म्हनं," आत्या म्हणाल्या. "बघितलं कुणी?"

अंतिम सामना दुसऱ्या दिवशी दहाला होता.

दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. टीव्ही कधी दोन दिवस छान चालायचा, कधी दर मिनिटाला अडकायचा. ह्यांचं मत होतं, टीव्ही सात वर्षांचा झाला, बदलायला हवा. इंटरनेटवाल्याचं मत त्याच्या फोनवर ठरलेलं होतं.

"मॅडम, राउटर बंद करून चालू करा."

"केला."

"टीव्ही बंद करून..."

"तोही केला."

"मग प्लॅन मोठा घ्या. माणूस परवा पाठवतो."

"परवा सामना नाही. उद्या आहे."

"परवाच जमेल मॅडम. कधीपासून होतंय हे?"

"बघून सांगते," म्हणून मी फोन ठेवला.

मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर टेबलावर शर्ट उलटे करून बघते. शिलाई सुटली की नवा माणूस लगेच मशीनला दोष देतो. आमच्याकडे आधी सुई बदलतात आणि एक शर्ट शिवून बघतात. मग दोरा बदलून एक शर्ट. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, नाहीतर दोष गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही. टीव्हीलाही हाच नियम लावायचा ठरवलं.

आधी टीव्ही. तो राउटरवरून काढला आणि माझ्या मोबाइलच्या इंटरनेटला जोडला. कालचा एक सामना लावला. झकास चालला. पण अर्ध्या तासात मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला, त्यामुळे उद्याची सोय तशी होणार नव्हती. एवढं मात्र कळलं की टीव्ही निर्दोष आहे. सात वर्षांचा असला तरी.

मग लाइन. मोबाइल घेऊन थेट राउटरशेजारी जाऊन बसले. तोच सामना, तिथंही झकास. म्हणजे बाहेरून घरात येणारं इंटरनेटही ठीक होतं, मोठ्या प्लॅनची गरज नव्हती. दोष राहिला तो राउटर आणि टीव्ही यांच्या मध्ये. आणि मध्ये होता बारा पावलांचा पॅसेज.

पॅसेजमध्ये काय आहे, असा प्रश्न मला पडलाच नाही. रोज जिथून येतो-जातो तिथलं दिसत नाही. "कधीपासून" याचं उत्तर शोधायला म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे गेले. आमच्या घरात सगळं त्यावर लिहिलेलं असतं: दूध घेतलं नाही तो दिवस, सिलिंडर, दळण. नोव्हेंबरच्या पानावर माझ्या अक्षरात सहा तारखेला "टीव्ही अडकला" होतं. दहाला होतं. चौदालाही होतं. त्याच तिन्ही चौकटींत कोपऱ्यात कानडीत एक शब्द होता. आत्या अक्कलकोटकडच्या, चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकलेल्या. घरातली एक नोंद फक्त त्यांची असते.

"आत्या, हे नीरु लिहिलंय ना?"

"व्हय. पानी आलं की लिहिते की. आजचं ऱ्हायलं, लिहून टाक."

आमच्या भागात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. इमारतीची टाकी पुरत नाही, म्हणून पाण्याच्या दिवशी घरात जे भरता येईल ते भरतो. दोन मोठी पिंपं, सहा घागरी, तीन हंडे, वर कळशा. सगळं पॅसेजमध्ये, भिंतीला लावून. चौथ्या दिवसापर्यंत ते रिकामं होत जातं आणि टीव्ही सुधारत जातो. मी पॅसेजच्या तोंडाशी उभी राहिले. समोर पाण्याची भिंत होती आणि तिच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंच पाटावर, राउटर.

तिथं तो मीच ठेवला होता. दिवाळीआधी घराला रंग दिला तेव्हा राउटर खिळ्यावरून काढला, रंगाऱ्यानं खिळ्याचं भोक बुजवलं, आणि "नव्या रंगाला भोकं पाडायची नाहीत" असं ह्यांनी जाहीर केलं. जागा नव्हती म्हणून मी तो पिंपामागे सरकवला, शिवाय तिथं तो दिसत नाही म्हणून बरंही वाटलं. महिनाभर मी टीव्हीला, कंपनीला आणि एकदा ढगांनाही दोष दिला होता.

मोबाइलवर सामना लावून मी पिंपाच्या अलीकडे उभी राहिले. चाक फिरलं. मोबाइल हात वर करून डोक्यावर धरला. सामना चालू. खाली आणला, चाक.

आत्या वॉकर घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. "काय गं, कवायत का?"

"पाणी आडवं येतंय. भांडी हलवायला लागतील."

"हलवायचं न्हाय. सकाळी गढूळ आलंय लई. गाळ खाली बसतोय. उद्या संध्याकाळपत्तुर हात लावायचा न्हाय कुणी."

"उद्या सकाळी सामना आहे, आत्या."

त्यांनी वॉकर पुढे सरकवून घागरींकडे बघितलं. मला वाटलं, नमतील. नमल्या नाहीत.

"मग त्येलाच वर टांग की. पानी काय उडी मारून वर जातंय का?"

पाण्याचा प्रश्न चाळीस वर्षं हाताळलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, आणि या वेळी तर त्या बरोबर होत्या. वायरचं वेटोळं सोडवलं, ती माळ्यापर्यंत पोचत होती. प्लगची वायर आखूड पडली, तिला एक्स्टेंशन बोर्ड लावला. ठेवायला जागा मात्र नव्हती, माळा गाद्यांनी भरलेला. माळ्याखाली पूर्वीच्या पाळण्याची कडी आहे. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत राउटर घातला आणि कडीला टांगला. जाळी असल्यामुळे तापण्याची भीती नव्हती. टीव्ही लावला. कालचा अख्खा सामना चाकाशिवाय पाहिला, आणि खात्रीसाठी परवाचाही.

संध्याकाळी हे बँकेतून आले, पॅसेजमध्ये थांबले. "कांदे इथं का टांगलेत?"

"दिवे लागलेले कांदे आहेत. बघा."

त्यांनी बघितलं. टीव्हीही बघितला. नव्या टीव्हीचा विषय त्या दिवसापासून निघालेला नाही.

सकाळी दहाला तिघं टीव्हीसमोर बसलो. हेही उशिरा जाणार होते. मैदानावरचं चित्र आमच्यापर्यंत अर्धा मिनिट उशिरा पोचतं हे तेव्हा कळलं, कारण ह्यांच्या मोबाइलवर पालकांच्या ग्रुपचे निरोप आधी यायला लागले.

"अरे वा," हे म्हणाले.

"सांगू नगंस," आत्या म्हणाल्या. "त्यो मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेव जा."

ठेवावा लागला.

शेवटच्या पाळीत आपल्या मुली पळणार होत्या, चार गुणांची आघाडी होती. मुलगी दुसऱ्या तुकडीत आली. खांबाला वळसा, मध्येच उलटं वळण, पुन्हा खांब. एकदा पाठलाग करणाऱ्या उंच मुलीचा हात तिच्या वेणीजवळून गेला. एकदा ती पडली आणि पडल्या पडल्या उठून पळाली. आत्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले होते आणि कानडीत काहीतरी पुटपुटत होत्या. शिव्या होत्या की देवाचं नाव, मला कळलं नाही. सगळी पाळी एकदाही चाक फिरलं नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ती अजून मैदानातच होती, आणि आघाडीही.

मोबाइल तांदळातून काढला. दहा मिनिटांनी मुलीचा फोन आला. मी तो आत्यांकडे दिला.

"आजी, बघितलंस?"

"समदं बघितलं. पडलीस ते पन. गुडघ्याला हळद लाव." आणि मग, "त्या उंच पोरीला चांगलं पळवलंस."

इंटरनेटवाल्याला फोन करून मी सांगितलं, माणूस पाठवू नका. त्यानं प्लॅनचं विचारलं. प्लॅन आहे तोच ठेवा म्हटलं.

मग हातोडी आणि दोन इंची खिळा घेतला आणि पॅसेजच्या नव्या रंगावर, दाराच्या चौकटीच्या वर, पेन्सिलीनं खूण केली. स्टूल ह्यांनी धरलं.