उपाशी कौदी

अक्काचा उजवा हात गेला तेव्हा कौदी बरीचशी शिवून झाली होती, मधला हिस्सा तेवढा राहिला होता. जुन्या लुगड्यांचे, चिंध्यांचे थर एकावर एक घालून हातानं शिवायचं पांघरूण ते. तुमच्याकडे गोधडी म्हणतात. ही लहान होती, बाळाची. लेकीला दिवस गेल्याचं कळलं आणि अक्का दाजीबानपेठेत जाऊन कापडदुकानांतली कटपीस पिशवीभर घेऊन आली, घरातली दोन मऊ लुगडी फाडली आणि शिवायला बसली. बाळंतपण थंडीच्या तोंडाशी होतं. त्याच्या आत माझ्या हातची कौदी तयार पाहिजे, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पावसाळ्यात तिनं शिवण बाजूला ठेवली. पावसात शिवलेली कौदी ओल धरते, मग किती ऊन दाखवा, कुबट वास जात नाही. पाऊस ओसरला की उरलेली पुरी करणार होती. त्याच्या आतच तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. हुबळीत कमरीपेठेतल्या घरात ती एकटी. मी धाकटी बहीण, मी तिला उचलून धारवाडला सप्तापुरातल्या माझ्या भाड्याच्या खोल्यांत आणलं.

मी कॉलेजच्या मुलींचे डबे करते. कुठल्या कुठल्या गावच्या पोरींची पोटं मी भरते, आणि सख्खी बहीण माझ्या हातचा घास घेत नाही, ह्याचा मला इतका राग यायचा म्हणून सांगू! ताट वाढलं की डाव्या हातात चमचा धरायची, भिंतीकडं तोंड करून बसायची आणि अर्धं अंगावर सांडायची. मी घास करून पुढं केला की कन्नडातला एकच शब्द, "बेड." नको. बाकी काही नीट बोलता येत नव्हतं, पण मेलीला तेवढं मात्र खणखणीत यायचं.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो तिनं पलंगाखाली ढकलला. कौदी मात्र उशाशी. सुई बोटांत धरायला बघायची, सुई पडायची. डाव्या हातानं शिव की, म्हटलं, तर बेड. मी शिवते म्हटलं, तर बेडच. माझ्या टाक्यांना ती जन्मभर हसत आलीय. "तू कौदी शिवत नाहीस, पोतं शिवतीस," म्हणायची.

पुढं अक्काची लेक बाळंतपणासाठी माझ्याकडंच आली. आई रोज त्या अर्धवट कौदीवर हात फिरवत बसते, हे तिला बघवेना. एका दुपारी अक्का झोपलेली, मी डबे पोचवायला गेलेली. पोरगी कौदी घेऊन घरमालकिणीकडं गेली आणि उरलेली सगळी मशिनवर मारून आणली. मी आले तेव्हा ती आईपुढं कौदी पसरून बसली होती. "आई, बघ, झाली."

अक्कानं डावा हात फिरवला, मधोमध आणला, तिथं चाचपत राहिली. मला लगेच कळलं. कौदी काठाकडून आत शिवत आणतात आणि शेवटी मधे तळहाताएवढी जागा उघडी ठेवतात. त्यातून पोळीचा तुकडा आत सारायचा आणि मग तोंड शिवायचं. कौदीचं पोट भरायचं. आमच्या घरात देवदेव काही नाही, पण कौदीला उपाशी ठेवायचं नाही, एवढं आईपासून चालत आलंय. शहरात वाढलेल्या पोरीनं ते कधी पाहिलंच नव्हतं.

"उपाशी बंद केलीस," अक्का म्हणाली. बेड सोडून इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य. पोरगी रडायला लागली. मी म्हटलं, जाऊ दे की अक्का, जरासं उसवू, पोळी घालू, झालं. पण तिनं सुई मागितली आणि मशिनची अख्खी शिवण उसवायला घेतली.

मशिनचा टाका बारीक आणि घट्ट. सुईनं दोरा वर काढायचा, तो चिमटीत धरून ओढायचा. डाव्या हातात सुई, म्हणजे चिमटी उजव्याची आली. आधी बोटं नुसती थरथरायची. पोरगी शेजारी बसून एकेक दोरा सैल करून द्यायची, पण ओढायचा अक्कानंच. रोज दुपारी हेच. होता होता अंगठा आणि बोट एकमेकांना भेटायला लागली. मी डाळ फोडणीला टाकता टाकता बघायची आणि डोळे पुसायची. चेंडूनं जे झालं नाही ते लेकीच्या चुकीनं झालं.

मग अक्का उजव्या हातानं शिवायला लागली. टाके लांबलांब, वाकडे. मला इतक्या वर्षांचं उट्टं काढायचं होतंच. म्हटलं, "अक्का, आता तूही पोतंच शिवतीस की." तोंडाच्या एका बाजूनं ती खूप हसली.

मधली जागा तेवढी राहिली त्या दिवशी मी पुरणपोळी केली, कौदीसाठी एक कोरडी, खरपूस भाजून. अक्कानं उजव्या हातानं तुकडा उचलला, तो खाली पडला. पोरगी मदतीला वाकली, मी तिला मागं ओढलं. दुसरा तुकडा अक्कानं धरला, हळूहळू आत सारला, आणि तोंड शिवून घेतलं. बाळ अजून पोटात होतं, आणि कौदी तयार होती.

मी ताट तिच्यापुढं ठेवलं, चमचा ठेवला आणि नेहमीसारखी उठायला लागले. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं नाही. माझ्याकडं बघून आ केला. मी घाईघाईनं पोळी मोडली आणि घास पुढं केला. तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं आणि घास आपल्या तोंडाकडं नेला.