इटलीची खबर

चिक्कडपल्लीला आमच्या वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणारे एक मास्तर राहायचे. इटलीतल्या एका विसरल्या गेलेल्या संगीतकारावर त्यांचा फार जीव. जिन्यात भेटले की त्याची खबर द्यायचे, तीही आजची असल्यासारखी. "चर्चमधली नोकरी गेली हो त्यांची. लोकांना आता नवीन चाली पाहिजेत."

तेव्हा घराघरांत केबल येत होती आणि मास्तरांचे शिष्य एकेक करून कॉम्प्युटर क्लासला निघून गेले होते.

पुढं एकदा म्हणाले, "त्यांना दिसेनासं झालंय." त्या आठवड्यापासून मास्तर कठडा चाचपत जिना उतरू लागले.

मला भीती वाटली. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं ठरवून मी एका दुपारी वर गेलो. मास्तर एका रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहून वाजवत होते. मधेच थांबून ऐकायचे, मान डोलवायचे आणि तीच ओळ पुन्हा घ्यायचे.

"मास्तर, पुरे करा," मी जरा जोरातच म्हणालो. "तो माणूस मरून दोनशे वर्षं झाली!"

त्यांच्या हातातला गज थांबला. ते घाईनं माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, "हळू बोला ना साहेब. त्यांना अजून सांगितलं नाही मी."