हिरोची करंगळी

मी खुनशी आहे. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, कॉलेजातल्या त्या म्हाताऱ्याला माहीत नव्हतं.

पॅथॉलॉजिस्ट म्हणून रिटायर झाल्यावर मी इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावाहून दर मंगळवारी जवळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांची फुटबॉल टीम अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच हरली नव्हती, त्याचं प्रदर्शन लावायचं होतं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दोन वर्षं खपून जुनी वर्तमानपत्रं वाचली, तेव्हाचे नियम शिकले, सगळे फलक मी लिहिले. समितीचा अध्यक्ष हा म्हातारा. शेवटची मॅच जिंकून देणारा हिरो त्याचा आजोबा, आणि हे तो 'गुड मॉर्निंग'च्या आधी सांगायचा.

उद्घाटनाच्या महिनाभर आधी मीटिंगमध्ये त्याने माझ्या फलकांवर स्वतःचं नाव घातलं. वर म्हणाला, "फुटबॉल रक्तात असावा लागतो. तुम्ही त्या दिवशी समोसे आणा." सगळे हसले. मेली मीही हसले! तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सोड ना, कशाला त्याच्या नादी लागतेस?" नवरा म्हणाला. सोडते कसली!

सगळे फोटो पुन्हा काढून बसले. जन्म मायक्रोस्कोपला डोळा लावून गेलाय माझा. नोव्हेंबरच्या फोटोत हिरोच्या डाव्या हाताची करंगळी पार आत वळलेली. तीच करंगळी, तोच चेहरा, ऑक्टोबरमध्ये याच कॉलेजकडून हरलेल्या टीमच्या फोटोत! फक्त नाव वेगळं. त्या हरलेल्या कॉलेजचं जुनं वर्तमानपत्र मागवलं. 'आमचा खेळाडू पैसे देऊन पळवला आणि नाव बदलून खेळवला', अशी त्यात ही भली मोठी तक्रार. लायब्ररीच्या प्रमुख बाईंनी सगळं तपासलं आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायला हो म्हणाल्या.

उद्घाटनाच्या दिवशी म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"प्लीज, काढा हे. माझी नात येतेय."

"पुरावा पक्का आहे," मी म्हणाले.

मग तो फोटोंना पाठ लावून उभा राहिला. तासभर! हलेना. मी फोन काढला आणि मोठ्याने म्हणाले, "चला, फॅमिली फोटो! आजोबांच्या फोटोपुढे!" सगळं कुटुंब गोळा झालं. बारा-तेरा वर्षांच्या नातीने त्याचा हात धरून त्याला बाजूला ओढलं, आणि दोन्ही फोटोंखालचा मजकूर सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"ग्रँडपा, मग तुम्ही मला सांगायचात ते सगळं खोटं?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. मी नेमका तेव्हाच फोटो काढला, आणि समितीतल्या एकूण एकाला पाठवला.