आक्काचा खडा

माझी थोरली बहीण, आमची आक्का, कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. पाठ दुखली की गोळी घ्यायची आणि कामाला जायचं, असं तिनं कैक वर्षं रेटलं. मागच्या हिवाळ्यात हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा मी तिला जवळजवळ ओढूनच कोल्हापूरला माझ्याकडं आणलं.

दवाखान्यात सीटी स्कॅन झाला. मूत्ररोगाच्या डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी पडद्यावर डावं मूत्रपिंड दाखवलं. आत पांढराफेक खडा, हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटून कोपऱ्याकोपऱ्यात घुसलेला.

"मावशी, दिवसाला पाणी किती पिता?"

"सकाळी तांब्याभर, घरी गेल्यावर तांब्याभर. कारखान्यात बायकांना संडास न्हाय. पानी पिऊन जायचं कुठं?"

मी तिचा पाठचा भाऊ, आणि हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मान वर करवेना.

आक्कानंच पुढं विचारलं, "किडनी काढून टाकणार व्हय?"

"ती अजून काम करतेय, काढायची कशाला? पाठीला बोटाएवढं भोक पाडायचं, त्यातून दुर्बीण घालून खडा फोडायचा आणि तुकडे बाहेर काढायचे. पण खडा मोठा आहे. एका वेळेला संपेल असा शब्द मी देत नाही."

आधी औषधांनी जंतुसंसर्ग आटोक्यात आणला, मग ऑपरेशन. तीन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. गालांवर मास्कचे वळ उठले होते. कागदावर मूत्रपिंडाचं चित्र काढून म्हणाल्या, "एवढा निघाला. वरच्या कोपऱ्यात एक फाटा राहिलाय. रक्त यायला लागलं, म्हणून थांबले. चार दिवसांनी त्याच वाटेनं पुन्हा जाईन."

मी लेथवर काम करणारा माणूस. काम रंगात आलं असताना हात आवरणं किती अवघड असतं, ते मला ठाऊक आहे. आणि अर्धं राहिलंय हे तोंडावर सांगणं त्याहून अवघड. त्या बाईंवर माझा तिथंच विश्वास बसला.

आक्का पाठीत नळी घेऊन चार दिवस कुशीवर पडून होती. पिशवीतली लाल लघवी हळूहळू निवळत गेली. दुसऱ्या वेळेला उरलेला फाटाही निघाला.

घरी सोडताना डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं: भरपूर पाणी, आणि कामाच्या ठिकाणी लघवीला जायची सोय आवश्यक. आक्कानं ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

कामावर परतली त्याच दिवशी ते कार्ड आणि कारखान्यातल्या अकरा बायका घेऊन ती मालकापुढं उभी राहिली.

"जागा न्हाय," मालक म्हणाला.

"मग दर दोन तासाला आम्ही घरी जाऊन येतो की. तोवर कांड्या तुम्ही भरा."

दोन महिन्यांत कारखान्यामागं संडास उभा राहिला. दाराला आतून कडी आहे की नाही, ते आक्कानं स्वतः बघितलं.

तपासणीला गेलो तेव्हा मूत्रपिंड साफ होतं. आक्कानं संडासाची हकिकत सांगितली. डॉक्टर ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "त्यांतल्या आणखी कुणाची पाठ दुखते?"

"तिघींची."

"घेऊन या."

पुढच्या सोमवारी आक्का तिघींना घेऊन एसटीनं आली. मी स्टँडवर न्यायला गेलो होतो. चौघींच्याही हातात पाण्याच्या बाटल्या होत्या.